वाक्याआधीचा कचरा

सांगली,
११ मे २०२१

चि. निनादराव यांस आशीर्वाद.

पत्राच्या डोक्यावर श्री घातलेला नाही, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. परवा मेसेजमध्ये एक ओळ टाकली आणि पुढे बोटं चालली नाहीत. आज बसलो आहे लिहायला.

रेखा रविवारी पहाटे गेली. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, आणि मी स्वतःच पॉझिटिव्ह, घरात कोंडलेला. पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी उरकलं. त्यांनी फोनवर नाव विचारलं, वय विचारलं, मी सांगितलं. वीजबिलाची तक्रार नोंदवतात तसं झालं सगळं. शेजारच्या मंजिरीवहिनी दाराच्या कडीला डबा अडकवून जातात. मी जेवतो. झोपही लागते. रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

आता विनूचं. मार्चअखेरीस तिला स्ट्रोक झाला, तो रेखाला मी शेवटपर्यंत सांगितला नाही. आधी वाटलं, पोर सावरली की सांगू. मग रेखालाच ताप भरला. ती विचारायची, विनूचा फोन का नाही? मी म्हणायचो, तिचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. हे तुम्हालाही माहीत आहे. तेच आता उलट्या बाजूने करायचं आहे. तुमचे डॉक्टर म्हणालेत की तिचं ब्लडप्रेशर वाढता कामा नये. तेव्हा आईचा घसा बसलाय असंच सांगा. तिला बोलता यायला लागलं की मी स्वतः सांगेन.

जावयाला हुकूम सोडायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून विनंती करतो. लेकीला तीन दिवसांचं सुतक असतं. तिला कारण कळू देऊ नका, पण एकदा डोक्यावरून अंघोळ घाला. तीन दिवस देवापुढे दिवा लावू नका. रेखासाठी इथे मला काहीच करता आलं नाही. तेवढं तरी व्हावं.

हे सगळं फोनवर बोलता येत नाही. तुमचं घर लहान, फोन कायम स्पीकरवर, आणि विनूचे कान शाबूत आहेत. म्हणून पत्र. ईमेलने पाठवतो आहे, पण पत्र म्हणूनच वाचा.

तुमचा,
उल्हास पाटणकर

क्रेगीबर्न,
१६ मे २०२१

ती. बाबा,
सा. नमस्कार.

मला पत्रबित्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आईंचं वाचून मी गाडीत बसून राहिलो होतो, शिफ्टला उशीर झाला. आमच्या डोंबिवलीच्या आईने पण तेच सांगितलं, निदान डोक्यावरून पाणी तरी घाल. घातलं. इथे मेमध्येच थंडी पडायला लागलीय, त्यात दुपारी चारला. विनू बघत होती माझ्याकडे. मी म्हटलं, केस चिकट झाले होते गं. दिवा पण लावला नाही. तिची खुर्ची देव्हाऱ्यासमोरच असते, पण त्याबद्दल काही विचारता येत नाही ना तिला.

घसा बसल्याचं सांगितलंय. बंदी पण सांगितली. तिने डोळे मिटून घेतले. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, असं ठरलंय आमचं. पण मी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं काय समजायचं?

थेरपिस्ट आठवड्यातून एकदा व्हिडिओवर येते. म्हणते, समज पूर्ण आहे, फक्त बोलायचे स्नायू चालत नाहीत. डाव्या हाताचा अंगठा तेवढा चालतो, पण फोनच्या काचेवर नीट सरकत नाही. दाबता मात्र येतं. बोलायचं मशीन हॉस्पिटलकडून मिळतं, पण कोविडमुळे वेटिंग आहे, आणि त्याला मराठी येत नाही. आमच्या वेअरहाऊसमधला पीट म्हणाला, नो वरीज मेट, आपण बनवू. त्याला असल्या गोष्टींचा नाद आहे. त्याने पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर दिलाय आणि एक मोठं बटण. एका पुठ्ठ्यावर दिव्यांची रांग लावलीय. दिवे एकामागून एक लागत जातात. हवा तो दिवा लागला की विनूने बटण दाबायचं. ते कॉम्प्युटरला कळतं. पण पुढे पडद्यावर काय यायचं तो प्रोग्राम पीटला जमत नाही, त्याचा मुलगा लॉकडाऊनमुळे क्वीन्सलंडला अडकलाय. तुम्ही पॉलिटेक्निकला आयुष्यभर C प्रोग्रामिंग शिकवलंत. कराल का?

काळजी घ्या. डबा येतोय ना?

निनाद

सांगली,
२४ मे २०२१

चि. निनादराव,

करतो म्हणजे काय, केलाच. सोबत जोडला आहे. कूकरीचा कोर्स करून गेलेल्या माणसाला C शिकवायची वेळ येईल असं लग्नात वाटलं नव्हतं, पण आता शिका. जे टाइप करताय ते कळलं पाहिजे. नाहीतर एखादा अर्धविराम गाळाल आणि मला शिव्या घालाल.

यात दोनच कामं आहेत. putchar एका वेळी एक अक्षर पडद्यावर टाकतं आणि तिथेच थांबतं. पुढचं अक्षर त्याला चिकटून येतं. puts अख्खं वाक्य टाकतं आणि वर स्वतःहून ओळ बदलतं. दोन्ही एकत्र वापरली की झालं. विनूला घाईचं काही हवं असेल तर तयार वाक्याचा दिवा, puts. स्वतःचं काही सांगायचं असेल तर अक्षरांचे दिवे, putchar. मुलांना हे मी पहिल्या महिन्यात शिकवायचो. त्यांना कंटाळा यायचा. म्हणायचे, सर, याचा उपयोग काय?

अक्षरं इंग्रजी ठेवली आहेत. आपलं एक अक्षर साठवायला यंत्राला तीन घरं लागतात, आणि putchar एका वेळी एकच घर ओततं. अख्खं वाक्य असलं की puts ला फिकीर नाही, ते मराठीतच आहे.

वाक्यं मी अशी घातली आहेत: मी बरी आहे. पाणी हवंय. दुखतंय. कूस बदला. थंडी वाजते. भूक नाही. झोपायचंय. थँक यू. तुम्हाला आणखी सुचली तर घाला. क्रम तुमच्या सोयीने लावा.

मी प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला, निळ्या पडद्याच्या त्या जुन्या कंपायलरमध्ये. मुलं हसायची त्याला, पण झकास चालतो. अक्षर दाबलं की लगेच उमटतं.

काम करताना बरं वाटलं. दिवस सरला.

उल्हास

क्रेगीबर्न,
२० जून २०२१

ती. बाबा,

उशीर झाला, सॉरी. मध्ये लॉकडाऊन लागला, आम्ही एसेन्शियल म्हणून कामावर जातच होतो, पण दिवसा येणारी केअरर बदलली, मग सगळं परत शिकवा.

बाबा, मशीन चालतंय! पहिल्या दिवशी तिने "पाणी हवंय" दाबलं आणि मी दोन ग्लास घेऊन धावलो. "मी बरी आहे" मी वाक्यांच्या पहिल्या दिव्यावर ठेवलंय, अक्षरं संपली की लगेच तोच दिवा येतो. तेच जास्त दाबते. रोज सकाळी, संध्याकाळी. व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला वाचून दाखवतो ना, ते पडद्यावरचंच असतं, मनाचं नाही. केअरर पण म्हणते, सच अ लव्हली पॉझिटिव्ह लेडी.

अक्षरांचा भाग मात्र चालत नाही. विनू बटण दाबते, दिवा पुढे जातो, पडद्यावर काहीच येत नाही. मग कधीतरी वाक्याच्या आधी काहीतरी कचरा येतो, इंग्रजी अक्षरांचा, वाक्याला चिकटून. पीट म्हणाला, वायर लूज असेल. मला आता तेवढा भाग सोडूनच वाचायची सवय झालीय. तुम्ही टेन्शन घेऊ नका, वाक्यांवर भागतंय आमचं.

आईंचं तिने काही विचारलं नाही. म्हणजे, विचारणार तरी कसं.

निनाद

सांगली,
२ जुलै २०२१

चि. निनादराव,

पत्र पोचलं. "मी बरी आहे" वाचून समाधान वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मंजिरीवहिनींना दारातून हाक मारून सांगितलं, आमची विनू बरी आहे म्हणाली.

कचऱ्याचं सवडीने बघतो. सवड म्हणजे सवडच आहे. पण कॉम्प्युटरसमोर बसलो की निळा पडदा बघत राहतो, पुढे काही होत नाही. रेखाचं कपाट उघडलेलं नाही. तिच्या फोनवर अजून भाजीवाल्याचे मेसेज येतात, ताई मेथी आलीय. मी आणतो मेथी. करता येत नाही, मग ती वाळते.

परवा व्हिडिओवर विनू माझ्या खांद्यामागे बघत होती. मागे स्वयंपाकघराचं दार आहे. पुढच्या वेळी भिंतीकडे पाठ करून बसेन.

उल्हास

क्रेगीबर्न,
८ ऑगस्ट २०२१

ती. बाबा,

सहावा लॉकडाऊन लागला आमच्याकडे. पण त्यासाठी लिहीत नाहीये. प्रॉब्लेम झालाय.

एका रिहॅब सेंटरमध्ये विनूचं नाव लावलं होतं. तिथे रोज व्यायाम, रोज थेरपी. सहा महिन्यांत बोलायला लागलेली माणसं आहेत तिथली. जागा थोड्या आहेत, आणि ज्याची समज पूर्ण आहे त्यालाच घेतात. शुक्रवारी थेरपिस्टने व्हिडिओवर मशीन बघायला मागितलं. मी आपला कौतुकाने पडदा दाखवला. तिने तो कचरा पाहिला. विनू कितीतरी वेळ दिवे बघून बघून बटण दाबत होती, आणि त्यातून ते असलं काहीतरी येत होतं. थेरपिस्टचा आवाजच बदलला. रिपोर्टमध्ये तिने लिहिलंय, रँडम सिलेक्शन. म्हणजे विनू उगाच काहीही दाबते. म्हणजे स्ट्रोकने समज पण गेलीय की काय, ते तपासायला हवं म्हणे. येत्या शुक्रवारी मीटिंग आहे. समज नाही असं ठरलं तर रिहॅब कॅन्सल, आणि मग नर्सिंग होम सुचवतील. मला कामावर जावं लागतं, दिवसभर केअरर परवडत नाही, हे त्यांना माहितीय. तिथे सध्या व्हिजिटर्स बंद आहेत. म्हणजे मी तिला काचेतून पण बघू शकणार नाही. आईंसारखंच.

सॉरी, असं लिहायला नको होतं.

मी म्हटलं, अहो ती "मी बरी आहे" म्हणतेय ना! थेरपिस्ट म्हणाली, निनाद, ती दिवसातून वीस वेळा तेच म्हणतेय.

बाबा, तो कचरा बंद करता येईल का? निदान मीटिंगपुरता. आज सकाळपासून पडद्यावर जे आलंय ते तसंच खाली टाइप करतो, तुम्हाला बिघाड कळेल म्हणून.

AIKDHIGELIमी बरी आहे.
AIKDHIGELIमी बरी आहे.
AIKDIGELIमी बरी आहे.
AIKDHIGELIमी बरी आहे.

निनाद

सांगली,
९ ऑगस्ट २०२१

निनादराव,

हे पत्र विनूसमोर वाचू नका. आधी बाहेर जा.

कचरा रोज वेगळा असतो. तीस वर्षं मुलांच्या प्रोग्रामांमधला कचरा बघितला आहे मी. तो दर वेळी निराळा येतो, म्हणून तर त्याला कचरा म्हणतात. जे चारदा, एखादं अक्षर सुटलं तरी, तेच येतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं.

चूक माझी आहे, सांगतो कुठे. माझ्या जुन्या कंपायलरमध्ये putchar ने टाकलेलं अक्षर तत्क्षणी उमटतं. आयुष्यभर तेच शिकवलं, तेच गृहीत धरलं. तुमच्या त्या छोट्या यंत्राची रीत वेगळी आहे. ते अक्षरं लगेच दाखवत नाही, पोटात साठवतं. ओळ बदलली की मग सगळी एकदम बाहेर टाकतं. puts ओळ बदलतं. म्हणजे विनूने अक्षरं टिपली की ती आत अडकून राहायची, आणि एखादं तयार वाक्य दाबलं तरच सुटायची, त्या वाक्याला चिकटून. हे तिला आपल्या आधी कळलं. कुठलं तरी वाक्य दाबल्याशिवाय आपली अक्षरं बाहेर पडत नाहीत, हे तिने बघून बघून शोधून काढलं. अक्षरांनंतर सगळ्यात आधी येणारा दिवा "मी बरी आहे"चा. म्हणून ती तो दाबत होती.

निनादराव, ती बरी आहे असं ती एकदाही म्हणालेली नाही. तिने फक्त ओळ बदलली.

आता अक्षरं वाचा. एकेक अक्षर टिपायला तिला किती वेळ लागतो हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून मधला एक स्वर तिने गाळलाय.

आई कधी गेली.

गेली का, असं विचारलेलं नाही. कधी, असं विचारलंय. जूनपासून रोज विचारते आहे. तुम्ही ते सोडून वाचत होता आणि मी इथे शेजाऱ्यांना सांगत होतो की पोर बरी आहे. आपण दोघांनी मिळून तिला आठ वाक्यं दिली, त्यात एक प्रश्न नाही. आजारी माणसाला काही विचारायचं असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. की यायला नको होतं?

प्रोग्राममध्ये putchar च्या खालच्या ओळीत fflush(stdout), एवढं घाला. शेवटचा अर्धविराम विसरू नका. मग प्रत्येक अक्षर तिथल्या तिथे दिसेल. शुक्रवारच्या आत करा. त्या बाईंना समोर बसवा आणि विनूला हवं ते लिहू द्या.

रेखाचं तुम्ही सांगू नका. ते माझं काम आहे.

उल्हास

क्रेगीबर्न,
१४ ऑगस्ट २०२१

ती. बाबा,

तुमचं पत्र गॅरेजमध्ये वाचलं.

ओळ घातली. घरात आलो, म्हटलं विनू, आता लिही. तिने पहिलं अक्षर टिपलं आणि ते पडद्यावर आलं. नुसतं एक A. ती त्याच्याकडे बघत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

खरं सांगू का बाबा, अक्षरं चालत नव्हती त्याचं मला बरंच वाटत होतं. ती विचारेल आणि मला खोटं बोलावं लागेल, त्यापेक्षा हे सोपं. वायर लूज आहे का हे मी एकदा पण तपासलं नाही. पीटने चारदा विचारलं होतं.

मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? तिने लिहिलं, डोक्यावरून पाणी. आणि मग, दिवा. मी चिकट केसांचं सांगत होतो तेव्हाच तिला कळलं होतं. म्हणजे आपण तिला सांगितलंच होतं बाबा. फक्त बोललो नव्हतो. मे महिन्यापासून ती हे घेऊन त्या खुर्चीत बसलीय आणि मी तिला रोज विचारतोय, आज काय, मजेत?

मी म्हटलं, हो, आई गेल्या. कधी, कशा, ते बाबा सांगणार आहेत. तिने डोळे एकदा मिटले. रडली नाही. मी रडलो.

काल मीटिंग झाली. थेरपिस्टला मी चूक कुठे होती ते समजावलं, जमेल तसं. मराठी तिला कळणार नव्हतं, म्हणून विनूने इंग्लिशमध्ये लिहिलं. पूर्ण मीटिंग तिची वाट बघत थांबली होती, सहा माणसं सहा चौकटींत. तिने लिहिलं, नॉट रँडम. थेरपिस्ट दोन वेळा सॉरी म्हणाली. रिहॅबची जागा मिळतेय, ऑक्टोबरमध्ये.

मला खूप आनंद व्हायला हवा होता. होईल बहुतेक. आता तुम्ही लिहा तिला. मी मोठ्याने वाचून दाखवेन, एक शब्द गाळणार नाही.

निनाद

सांगली,
१७ ऑगस्ट २०२१

चि. विनू,

तुझी आई नऊ मेला गेली. रविवार होता. पहाट होती. दहा दिवस दवाखान्यात होती, त्यातले शेवटचे चार ऑक्सिजनवर. मी जवळ नव्हतो. कुणीच नव्हतं. नर्स फोनवर म्हणाली, झोपेत गेल्या. सगळ्यांना तसंच सांगत असतील, पण मी ते खरं धरून चाललो आहे.

मी तुला सांगितलं नाही. तुझ्या प्रकृतीचं कारण काढलं. ते निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं की, तुला सांगितलं असतं तर ते मला माझ्या तोंडाने उच्चारावं लागलं असतं. ते मी आजवर कुणापाशीच केलेलं नाही. महापालिकेच्या माणसाला नाव सांगितलं, तेवढंच. अजून रडलेलो नाही. मंजिरीवहिनी म्हणतात, भावजी, मोकळे व्हा. मी म्हणतो, होतो, आणि डबा धुऊन परत देतो.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते. तुझ्या आईला तुझं आजारपण शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तुझा घसा बसलाय असं मी तिला सांगत होतो. एप्रिल महिना तिने तुझ्या फोनची वाट बघण्यात काढला. एकदा म्हणाली, घसा बसला म्हणून पोरीला मेसेज टाकता येत नाही होय? मी म्हटलं, कामात असेल. तर म्हणाली, असेल बापडी.

शेवटचं बोलणं शुक्रवारी झालं. वॉर्डबॉयने फोन धरला होता. तिला धाप लागत होती. पहिलं तेच विचारलं, विनूचा फोन? माझ्याच्याने पुन्हा घशाचं बोलवेना. मी म्हटलं, आला होता गं, आत्ताच, तू झोपली होतीस. तर चिडली. त्या धापेत चिडली माझ्यावर. म्हणाली, मग उठवायचं नाही का मला? कळत कसं नाही तुम्हाला? तेवढ्यात वॉर्डबॉयला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. संसारात अशी शंभर वेळा ओरडली असेल, त्यातलं हे शेवटचं ठरलं. तुझा फोन आला होता असं समजून ती गेली. तो आला नव्हता, आणि तो का आला नाही हेही तिला कळलं नाही. बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. तू ठरव. तुला तो हक्क आहे. दोघींच्या मध्ये मी उभा राहिलो आणि दोघींचं बोलणं अडवलं.

सावकाश लिही. कितीही दिवस लागू देत.

बाबा

क्रेगीबर्न,
२२ ऑगस्ट २०२१

ती. बाबा,

पत्र वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिनेच सांगितलं म्हणून. त्यानंतर दोन दिवस तिने बटणाला हात लावला नाही. मला वाटलं परत मशीन बिघडलं. मग काल सकाळी सुरू झाली. खाली जे आहे ते तिचं. मी फक्त मराठी अक्षरांत उतरवलंय आणि स्वर भरलेत. बाकी एक शब्द माझा नाही.

निनाद

बाबा
आई चिडून गेली ती तुमच्यावर. माझ्यावर नाही. तेवढं एक बरं झालं.
मी तुम्हाला माफ केलेलं नाही. इतक्यात होणार पण नाही.
रोज फोन करा. मला बोलता येणार नाही. तुम्ही बोला.
मी झोपलेली असले तर उठवा.
विनू